लांब मोटार आणि गिऱ्हाईक

अमेरिकेत फोर्ड कंपनीची ‘क्राउन व्हिक्टोरिया’ मोटार लांबलचक होती, पेट्रोलही खूप खाई. तरी गिऱ्हाईक तिला का धरून राहिले, हे आपण धंदेवाल्यांनी समजून घ्यावे, असे आम्हाला वाटते. ऐसपैस सीट, मऊ स्प्रिंगा, आठ सिलिंडरचे ४.६ लिटर इंजिन. लांबच्या प्रवासात अंग आंबत नसे. मजबूत चासीवर बॉडी वेगळी बसवलेली, त्यामुळे ठोकर लागली तरी दुरुस्ती सोपी. म्हणून पोलीस व न्यूयॉर्कचे टॅक्सीवाले तिला पसंत करीत. १९९६ मध्ये जनरल मोटर्सने अशा मोटारी बंद केल्या. फोर्डने २०११ पर्यंत बनवल्या आणि ते गिऱ्हाईक राखले. आपणही माल विकताना विचारावे: हा वापरायला आरामाचा आहे का, मोडला तर दुरुस्त होईल का?