माध्यमांतर आणि इच्छापूर्तीचे मूल्य

अद्भुतरम्य कादंबरीवरील चित्रपट वाचकाला निराश करतो, तेव्हा दोष बहुधा दृश्यमाध्यमाच्या मर्यादांवर ठेवला जातो. मिखाएल एंडे यांच्या ‘द नेव्हरएन्डिंग स्टोरी’ (१९७९) या मूळ जर्मन कादंबरीवर वोल्फगांग पेटरसन यांनी काढलेला चित्रपट (१९८४) या समजुतीचा फेरविचार करावयास लावतो.

कादंबरीच्या उत्तरार्धात बास्टियान हा मुलगा पुस्तकातील कल्पित प्रदेशात वावरतो. तेथे त्याची प्रत्येक इच्छा पूर्ण होते. परंतु प्रत्येक इच्छेगणिक मानवी जगाची एक स्मृती लोप पावते. चित्रपट या उत्तरार्धाच्या उंबरठ्यावरच थांबतो. अखेरीस बास्टियान ड्रॅगनवर आरूढ होऊन मानवी नगरात येतो व आपल्याला छळणाऱ्या मुलांना पळवून लावतो. कादंबरीत मात्र ‘शून्या’त ओढले गेलेले कल्पित जीव मानवी जगात असत्य होऊन अवतरतात. इच्छेचे मूल्यच वगळले गेल्याने आत्मशोधाची कथा सूडाच्या दिवास्वप्नात परिणत होते. एंडे यांनी चित्रपटाविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. तीत त्यांना यश आले नाही.

सारांश, माध्यमांतरात प्रसंगांची काटछाट अपरिहार्य असली, तरी कलाकृतीच्या अंतर्गत नियमाचा लोप अपरिहार्य ठरत नाही.