गुटी कलम आणि झाडाचे वळण

‘पेरावे तसे उगवते’ ही म्हण आपण नित्य ऐकतो. परंतु पेरूच्या बाबतीत ती खरी ठरतेच असे नाही. गोड फळाचे बी लावले तरी झाड तसेच निपजेल, असा भरवसा नसतो. पुण्याजवळील गणेशखिंडीच्या फळबागेत १९२७ साली डॉ. चीमा यांनी रोपांतून एक उत्तम झाड निवडले. तोच आजचा ‘सरदार’ किंवा ‘लखनौ-४९’ पेरू होय. त्याचा गुण टिकला तो बियांमुळे नव्हे, तर कलमांमुळे. अशा कलमांपैकी घरच्या घरी करता येण्याजोगे कलम म्हणजे गुटी.

पावसाळ्याच्या आरंभी पेन्सिलीएवढ्या जाडीची, वर्षभराची निरोगी फांदी निवडावी. तिच्यावरील सुमारे अडीच सेंटिमीटर रुंदीची साल वर्तुळाकार काढून आतील बुळबुळीत थर खरवडून टाकावा. लाकडातून पाणी वर चढतच राहते; पण पानांनी तयार केलेले अन्न सालीतून खाली उतरते, ते या कापापाशी अडते. तेथे ओले शेवाळ बांधून वर प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळला, की सुमारे दीड-दोन महिन्यांत मुळे फुटतात. मग गुटीच्या खाली फांदी कापून, काही पाने कमी करून, कलम पिशवीत लावावे व सावलीत वाढवावे.

येथवर बहुतेकांचा उत्साह टिकतो. खरी कसोटी पुढे लागते. गुटीच्या झाडास सोटमूळ नसते, म्हणून जमिनीतील त्याची पकड बेताची असते. आपल्या सुरतेची काळी, पाणी धरून ठेवणारी माती व पावसाळी वारा ध्यानी घेता, अशा झाडाचा भार सर्व बाजूंस सारखा वाटला जाणे अगत्याचे आहे.

यास्तव लावणीनंतर रोप साधारण ६० ते ७५ सेंटिमीटर उंचीवर खुडावे. फुटलेल्या फांद्यांपैकी निरनिराळ्या दिशांच्या, एकमेकींपासून थोड्या खाली-वर असलेल्या तीन-चारच राखाव्यात. खोडाशी रुंद कोन करणारी फांदी बळकट असते. अरुंद बेचक्यात मात्र दोन फांद्यांमध्ये साल दबून राहते, लाकूड एकजीव होत नाही, आणि ऐन फळांच्या भाराने झाड उभे चिरते. काप खोडालगतचा फुगीर भाग राखून, पण खुंट न ठेवता घ्यावा.

हिरवी फांदी तोडणे आपल्या जिवावर येते. ही भावना चांगलीच आहे. परंतु पेरूस नव्या फुटीवरच फुले येतात, म्हणजे योग्य छाटणीने फळ घटत नाही, उलट त्यास वाट मिळते. आज बोटाएवढी असताना जी फांदी आम्ही मायेपोटी राखतो, तीच दहा वर्षांनी अर्धे झाड घेऊन कोसळते. म्हणून वाचकहो, रोप लहान आहे तोवरच त्यास वळण लावावे.