आजीचा शेजार : ज्येष्ठांची वसाहत निवडताना



चौथीच्या वर्गात शेजार या विषयावर बोलताना मी मुलांना घरचं एक काम दिलं. आजी किंवा आजोबा दिवसभरात घराबाहेरच्या कोणाकोणाशी बोलतात, त्यांची यादी करायची. एका मुलीने अकरा जण लिहून आणले. दूधवाला, समोरच्या काकू, गिरणीवाले, सगळे होते. वही तपासताना मला माझी आई आठवली.

वडील गेल्यापासून आई गावी एकटीच असते. तिला पुण्याजवळच्या ज्येष्ठांच्या वसाहतीत आणायचं, असं आम्ही भावंडांनी ठरवलं (तिला न विचारताच, हे कबूल करते). पहिली वसाहत रविवारी सकाळी पाहिली. हिरवळ, व्यायामशाळा, चकाचक भोजनगृह. आम्ही खूश! आईने एकच विचारलं, "इथं संध्याकाळी बायका बसतात कुठं?"

म्हणून मंगळवारी पाच वाजता, न कळवता पुन्हा गेलो. बाकं रिकामी. सगळी दारं बंद. फाटकाबाहेर थेट हमरस्ता, पायी जाण्याजोगं एकही दुकान नाही.

दुसऱ्या वसाहतीचा रंग उडालेला होता. पण कट्ट्यावर सात-आठ जणी शेंगा सोलत बसल्या होत्या. एकीने सरकून जागा केली, "या, बसा. गाव कोणतं तुमचं?" आई अर्धा तास उठलीच नाही.

याचा अर्थ सोयी बघू नका असा नाही, बरं का. केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने 2019 मध्ये अशा वसाहतींसाठी आदर्श मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. चाकाची खुर्ची मावेल अशी लिफ्ट, उतार, न घसरणारी फरशी, हे त्यानुसार तपासा. अनामत रक्कम परत कधी आणि किती मिळणार, हे करारात लिहून घ्या. एसटीचा थांबा जवळ आहे का तेही बघा. 75 वर्षं पूर्ण झालेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे. थांबा जवळ असेल तर जुनं गाव, जुन्या मैत्रिणी तुटत नाहीत. 14567 हा ज्येष्ठांसाठीचा मदत क्रमांक आईच्या फोनमध्ये मीच भरून दिला.

पण शेजार कागदावर दिसत नाही. तिथल्या रहिवाशांशी व्यवस्थापकाच्या माघारी बोला. कोणी आजारी पडलं तर डबा कोण देतं, हे विचारा. रखवालदार माणसांना नावाने ओळखतो का, तेही ऐका. आणि शक्य असेल तर घर विकत घेण्याआधी महिनाभर भाड्याने राहू द्या.

आईचा तो महिना आता चालू आहे. गावचं घर अजून विकलेलं नाही, ती विकू देत नाही. परवा तिलाच यादी करायला सांगितली. गावी चौदा नावं होती, इथं तीन आठवड्यांत पाच झाली. त्यातल्या एकीशी सध्या अबोला आहे.