विटा झेलणारे हात

अमेरिकेतील फुटबॉल हा आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून निराळा खेळ आहे. त्यातील चेंडू लांबट, दोन्ही टोकांस निमुळता असतो. प्रत्येक बाजूचे 11 गडी 100 यार्ड लांबीच्या मैदानावर झुंजतात. क्वार्टरबॅक नावाचा गडी चेंडू दूरवर फेकतो आणि वाइड रिसीव्हर प्रतिपक्षाला चकवीत धावत जाऊन तो झेलतो. झेल सुटला, की ती फेक वाया जाते. अशा झेलांवर ज्याने आपले आयुष्य उभारले, त्या जेरी राइसची ही कथा आहे.

जेरीचा जन्म 1962 साली मिसिसिपी राज्यात झाला. क्रॉफर्ड या खेड्यात तो वाढला. वडील गवंडी होते. उन्हाळ्यात मुलेही त्यांच्या हाताखाली राबत. भाऊ खालून विटा फेकीत आणि परांचीवर उभा राहून जेरी त्या झेलीत असे. वीट काही चेंडूप्रमाणे मऊ नव्हे. तिच्याशी गाठ पडल्याने हात बळकट झाले आणि नजर स्थिर झाली.

एकदा वर्ग चुकवीत असता उपमुख्याध्यापकांनी त्याला पाहिले. जेरीने धूम ठोकली! शिक्षा तर झालीच. परंतु त्याचा वेग पाहून त्याला फुटबॉलच्या संघात धाडण्यात आले. पुढे मिसिसिपी व्हॅली स्टेट विद्यापीठात त्याने नाव मिळविले आणि 1985 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘फोर्टी-नाइनर्स’ या व्यावसायिक संघाने त्याची निवड केली.

आरंभ मात्र सुखाचा नव्हता. पहिल्याच वर्षी हातातून झेल निसटू लागले आणि प्रेक्षक त्याची हुर्यो उडवू लागले. जेरीने कोणालाही उत्तर दिले नाही. त्याने सराव वाढविला. हंगाम संपल्यावर इतर गडी विश्रांती घेत, तेव्हा तो सॅन कार्लोसनजीकच्या टेकडीची सुमारे अडीच मैलांची चढण धावत चढे. 1987 साली केवळ 12 सामन्यांत त्याने 22 वेळा चेंडू झेलून गुणरेषा ओलांडली. जानेवारी 1989 मधील सुपर बोल या अंतिम सामन्यात तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. असे तीन अंतिम सामने त्याच्या संघाने त्याच्यासह जिंकले.

1997 साली त्याच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला. साडेतीन महिन्यांतच तो मैदानावर परतला. पण त्याच सामन्यात गुडघ्याची वाटी दुखावली. उतावळेपणाची किंमत त्याला मोजावी लागली. तरीही पुढील वर्षी तो पुन्हा उभा राहिला आणि 2004 पर्यंत खेळला. एकूण 1,549 झेल आणि 22,895 यार्ड, म्हणजे 13 मैलांहून अधिक मजल, हा त्याचा विक्रम होय.

2010 साली खेळाच्या कीर्तिमंदिरात त्याचा गौरव झाला. त्या वेळी त्याने प्रांजळपणे सांगितले, की अपयशाच्या भीतीनेच आपल्याला आयुष्यभर धावते ठेवले, आणि त्या धावपळीत खेळाचा आनंद घ्यायचे राहून गेले, एवढीच खंत आहे. विद्यार्थ्यांनो, त्याचे कष्ट तर अनुकरणीय आहेतच. परंतु त्याची ही कबुलीही तितकीच मोलाची नाही काय?

स्वाध्याय
1. विटा झेलण्याचा जेरीला पुढे कोणता उपयोग झाला?
2. प्रेक्षकांच्या हुर्योला त्याने कसे उत्तर दिले?
3. त्याला कशाची खंत वाटली? तुमचे मत लिहा.