घरच्या शाळेत गणिताचे पुस्तक कोणते?



समजा, तुमचे बिऱ्हाड सिलतऱ्याला आहे. रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याने निघाले की लोखंड-पोलादाच्या कारखान्यांची ही वसाहत लागते. घरात मराठी, दारात हिंदी आणि छत्तीसगढी. लेकराची प्रकृती म्हणा, फिरतीची नोकरी म्हणा, काही कारणाने तुम्ही त्याला घरीच शिकविण्याचे ठरविले आहे. भाषा, इतिहास, शास्त्रवाचन यांची तुम्हांस फारशी धास्ती नाही. गणितापाशी मात्र हात थबकतो, आणि ते योग्यच आहे. इतिहासाचा एक धडा राहिला तरी पुढचा समजतो. अपूर्णांक कच्चे राहिले तर बीजगणित उभेच राहत नाही.

अशा वेळी आपण चार पुस्तके शेजारी मांडून चित्रे व किमती पाहू लागतो. माझी विनंती अशी की, पुस्तके तूर्त बाजूला ठेवा. मुलापुढे ओंजळभर चिंचोके टाका, मोजायला सांगा, आणि ते कोणत्या भाषेत मोजते तेवढे ऐका.

ही बाब क्षुल्लक नव्हे. मराठीत ५९ म्हणजे एकोणसाठ, हिंदीत उनसठ. येथवर दोन्हींची रीत एकच, साठाला एक कमी. पुढे ७९ला आपण एकोणऐंशी म्हणतो, हिंदीत उनासी. पण ८९ला आपले एकोणनव्वद तीच वाट धरते आणि हिंदी ती सोडून नवासी म्हणते. उनासी आणि नवासी यांत शेजारच्या दुकानदाराचे मूलही कधी चुकते, मग दोन भाषांच्या उंबऱ्यावर उभे असलेले आपले लेकरू चुकले तर नवल कसले? शिवाय दोन्ही भाषांत एकक आधी बोलतो व दशक आधी लिहितो. त्रेपन्न ऐकून मूल ३५ लिहिते, त्याला आपण आळशी ठरवितो. हीच अडचण ओळखून बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली ‘एकवीस’च्या जोडीस ‘वीस एक’ असे वाचन दिले गेले. त्यावर महाराष्ट्रात बराच गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्षा दिवंगत मंगला नारळीकर यांनी या बदलाची बाजू मांडली होती. मला वाटते, चेष्टा करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी सहा वर्षांच्या मुलाला संख्या शिकविल्या असतील. तुम्ही घरी ही युक्ती बेलाशक वापरा.

तेव्हा मूल मराठीत मोजत असेल तर पहिली तीन-चार वर्षे बालभारतीचे पुस्तक घ्यावे. ते संगणकावरून विनामूल्य उतरवून घेता येते. हिंदीत मोजत असेल तर एन.सी.ई.आर.टी.चे घ्यावे. त्यांची जुनी ‘गणित का जादू’ मालिका गेली. पहिली-दुसरीसाठी ‘आनंदमय गणित’ २०२३ साली आणि सहावीसाठी ‘गणित प्रकाश’ २०२४ साली आले. दोन्ही एकदम चालवू नयेत. एक कणा, दुसरे फक्त जादा उदाहरणांसाठी.

काही ख्रिस्ती घरांत अमेरिकेतील संच मागविण्याची ओढ असते, कारण त्यांत समासात शास्त्रवचने असतात. अशा संचांत चांगली शिस्तही असते. परंतु त्यांतील डॉलर, इंच आणि पौंड आपल्या मुलाच्या बाजारात नाहीत, आणि समासातल्या वचनाने हातचा आपोआप घेतला जात नाही.

आता परीक्षेचा विचार. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (ही १९८९ साली स्थापन झाली) वयाच्या चौदाव्या वर्षानंतर दहावीला बसता येते. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. रायपुरात छत्तीसगढचे राज्य मुक्त विद्यालयही आहे. महाराष्ट्रातील वाचकांस सतरा नंबरचा अर्ज ठाऊक आहेच. राष्ट्रीय संस्थेत विषय आपण निवडायचे असतात आणि गणित सक्तीचे नाही. खरा मोह येथे आहे! मूल रडते, आई थकते, आणि गणिताच्या जागी दुसरा विषय येतो. दाखला मिळतो, पण तंत्रनिकेतनाची आणि आय.टी.आय.च्या अनेक व्यवसायांची वाट त्या दिवशी बंद होते. ज्या गावाची चूल कारखान्यावर पेटते तेथे हे किती महाग पडेल याचा विचार सातवीतच करावा, चौदाव्या वर्षी नव्हे. आठवीपासून ज्या मंडळाची परीक्षा, त्याच मंडळाचे पुस्तक धरावे.

येथे कोणी मुंबईच्या मालविका जोशीचे उदाहरण देईल. सातवीत असता आईने तिला शाळेतून काढले. पुढे बारावीचा दाखला नसल्याने आय.आय.टी.चे दार तिला बंद राहिले, आणि २०१६ साली आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडमधील तीन पदकांच्या बळावर अमेरिकेतील एम.आय.टी.ने तिला घेतले. मुलीचे कौतुकच आहे. परंतु मधल्या काळात चेन्नईच्या गणित संस्थेत तिला उच्च गणित शिकता आले, हे विसरू नये. तशी सोय ज्यांच्यापाशी नाही त्यांनी दाखल्याची वाट सोडू नये.

पुस्तक ठरविल्यावर सहा आठवडे तेच चालवा. मूल अडले तर पुस्तक बदलण्याआधी मागच्या इयत्तेचे प्रकरण काढा. बहुधा दुखणे तेथे असते. आणि आवाज चढू देऊ नका. सिलतऱ्याहून फार दूर नसलेल्या राजनांदगावाला आगगाडीने जात असता १८९३ साली रेव्ह. टिळकांच्या हाती नवा करार पडला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच टिळकांनी लक्ष्मीबाईंना घरी शिकविताना किती त्रागा केला, तेही ‘स्मृतिचित्रां’च्या वाचकांस ठाऊक आहे.

एखाद्या दुपारी मुलाला रस्त्यावरच्या धरमकाट्यापाशी न्या. भरलेल्या ट्रकचे वजन, रिकाम्याचे वजन, आतल्या मालाचे वजन. चालकाची हरकत नसेल तर पावतीवरचे आकडे त्याला वहीत उतरवून घेऊ द्या, आणि वजाबाकी घरी येऊन त्याची त्यालाच करू द्या. नीतिसूत्रांत खोट्या तराजूविषयी काय म्हटले आहे ते त्याच संध्याकाळी वाचता येईल.