बागेची राखण, भावाची राखण



धर्मशिक्षणाच्या वर्गात निर्मितीचा पाठ आला, की आपण मुलांना फुले, पाखरे, डोंगर आणि नदीची चित्रे काढायला लावतो. चित्रे भिंतीवर लागतात, पालकसभेत त्यांचे कौतुक होते आणि पाठ संपतो. आम्हीही अनेक वर्षे हेच करीत आलो. गेल्या पावसाळ्यात मात्र वर्गातील एक मुलगी सलग दोन रविवार आली नाही. चौकशी केली तेव्हा कळले, की तिला डेंग्यू झाला असून ती इस्पितळात आहे. देवकृपेने ती बरी होऊन परतली. पहिल्याच दिवशी तिने हात वर करून विचारले, “फादर, डासपण देवानेच निर्माण केला ना?”

आम्ही काहीतरी उत्तर दिले. ते तिला पटले की नाही ठाऊक नाही, आम्हाला मात्र पटले नाही. त्या प्रश्नातूनच पुढचा पाठ सुरू झाला.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात (२:१५) देवाने माणसाला एदेन बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी, असे आपण वाचतो. या ‘राखण करणे’साठी मूळ हिब्रू भाषेत ‘शामार’ हे क्रियापद आहे. पुढे चौथ्या अध्यायात काईन हाबेलला ठार मारतो. देव त्याला भावाविषयी विचारतो, तेव्हा मी काय माझ्या भावाचा राखणदार आहे, अशा अर्थाचे उर्मट उत्तर तो देतो. तेथेही क्रियापद हेच आहे. सेमिनरीत हे प्रथम ऐकले तेव्हा आम्हाला त्यात केवळ शब्दांची गंमत वाटली होती. बाग राखणे आणि भाऊ राखणे यांसाठी पवित्र शास्त्राने एकच शब्द का वापरावा, हे समजायला एक डास पुरला.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास काळा असतो आणि त्याच्या पायांवर पांढरे पट्टे असतात. मादीच तेवढी चावते आणि तीही दिवसा, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळ होण्याआधी. म्हणजे मुले शाळेला निघतात किंवा अंगणात खेळतात त्या वेळी. ती अंडी घालते ती बहुधा आपणच ठेवलेल्या भांड्यांत: जुना टायर, नारळाची करवंटी, फुटकी बादली, कुंडीखालची बशी, झाकण नसलेले पिंप. पावसाळ्यातील उबदार हवेत अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. हा डास फार लांब जात नाही, जन्मला त्या जागेपासून काहीशे मीटरच्या आतच बहुधा त्याचे आयुष्य सरते. तेव्हा आमच्या टायरमधला डास मुंबईला जाणार नाही. तो कुंपणापलीकडच्या घरात जाईल.

वर्गात मुलांना हे तोंडी सांगण्याऐवजी आम्ही एका काचेच्या बरणीत अळ्या आणून ठेवल्या आणि तोंडाला फडके बांधले. अळ्या श्वास घ्यायला पाण्याच्या पृष्ठभागाशी उलट्या लटकतात, काचेवर टिचकी मारली की वळवळत खाली जातात. जी मुले एरवी आमचे प्रवचन पाच मिनिटे ऐकत नाहीत, ती अर्धा तास बरणीभोवती बसली. अ‍ॅरिस्टॉटलने म्हटले आहे, की घरे बांधता बांधता माणूस गवंडी होतो आणि सद्गुणही तसेच आचरण करून अंगी बाणतात. सेमिनरीत या विचारावर आम्ही लांबलचक निबंध लिहिला होता, पण त्याची खरी ओळख त्या बरणीपाशी झाली.

नंतर मुलांच्या टोळ्या केल्या आणि दर शनिवारी आपापल्या आळीत फिरून साचलेले पाणी शोधायचे ठरले. पहिल्याच शनिवारी एका चिमुरड्याने विचारले, “फादर, तुमच्या फ्रीजच्या मागचा ट्रे बघू?” आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने त्याला स्वयंपाकघरात नेले. ट्रे ओढला, तर त्यात अळ्या! ती बातमी मिस्सेला जमलेल्या सर्वांपर्यंत आमच्या प्रवचनाच्या आधीच पोहोचली.

येथे एक बारकावा मुलांना आवर्जून शिकवला, तो मोठ्यांनीही लक्षात घ्यावा. नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर भांड्याला चिकटलेली असतात आणि कोरडी होऊनही कित्येक महिने जिवंत राहतात. पुन्हा पाणी आले, की त्यांतून अळ्या बाहेर पडतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडे रिकामे करून आतून ब्रशने घासायचे. अळ्या असलेले पाणी गटारात न ओतता उन्हात कोरड्या जमिनीवर ओतायचे.

बावखलांविषयीही थोडे लिहिणे भाग आहे. डास झाले, म्हणून बावखल बुजवा, अशी मागणी अधूनमधून कानावर येते. आपल्या पूर्वजांनी वाडीच्या शिंपणासाठी बावखले खोदली. पावसाचे गोडे पाणी त्यांत साठते, जमिनीत मुरते आणि समुद्राकाठच्या आपल्या विहिरींना आधार देते. मासे असलेल्या जिवंत बावखलात अळ्या हे माशांचे खाणे असते. त्याच बावखलात आपण सांडपाणी सोडले, प्लास्टिकच्या पिशव्या टाकल्या, जलपर्णी माजू दिली, की मासे मरतात आणि दुसऱ्या जातीचे डास वाढतात. रोगी आपणच पाडायचा आणि मग पुरूनही टाकायचा, असा हा प्रकार आहे. वसईचे पाणी आणि हिरवळ वाचावी म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटोंबरोबर आपल्यापैकी कित्येक जण रस्त्यावर उतरले होते. त्यांची नातवंडे आज आमच्या वर्गात आहेत. बावखल म्हणजे कचऱ्याचा खड्डा, एवढेच त्यांनी पाहिले, तर आपण त्यांना काय शिकवले?

आता थोडा अवघड विषय. मुलांच्या एका टोळीला सर्वांत जास्त अळ्या सापडल्या त्या आपल्या दफनभूमीत. कबरींवर आपण प्रेमाने फुले ठेवतो. काचेच्या फुलदाण्या, प्लास्टिकच्या बरण्या, कापलेल्या बाटल्या यांत पाणी भरतो आणि पुढचे कित्येक दिवस तिकडे फिरकत नाही. मुलांनी उत्साहाच्या भरात काही भांडी रिकामी केली. दुसऱ्या दिवशी मिस्सेनंतर एक मावशी आमच्याकडे आल्या. डोळ्यांत पाणी होते. म्हणाल्या, “फादर, यांच्यासाठी ठेवलेली फुले पोरांनी काढून टाकली. मला दुसरे काय करता येते त्यांच्यासाठी?” चूक आमची होती. मुलांना पाठवण्याआधी कुटुंबांना विचारायला हवे होते. आम्ही मावशींची क्षमा मागितली.

मात्र तेथे अळ्या होत्या, हेही खरे. दफनभूमीच्या भिंतीला लागून पाच-सहा घरे आहेत आणि आजारी पडलेली मुलगी त्यांतल्याच एका घरातली. तिला डास तेथूनच चावला असे कोणी सांगू शकणार नाही आणि आम्ही तसे म्हणतही नाही. मावशींना आम्ही हे सांगितले. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग त्यांनीच विचारले, की पाण्याशिवाय फुले टिकतील कशी. उपाय सोपा आहे. फुलदाणीत पाण्याऐवजी ओली वाळू भरावी. फुले ताजी राहतात आणि अळ्यांना पोहायला पाणी उरत नाही.

तापाविषयी थोडक्यात. डेंग्यूत अंग, डोके आणि डोळ्यांच्या मागे दुखते. ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नये, धोका बहुधा तेव्हाच असतो. पोटात जोरात दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा मुलाला ग्लानी येणे, यांपैकी काहीही दिसल्यास ताबडतोब इस्पितळ गाठावे. अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन मनानेच देऊ नये, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. पपईच्या पानांच्या रसावर विसंबून तर मुळीच थांबू नये.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पर्यावरणाचे शिक्षण सांगताना प्लास्टिक कमी वापरणे, पाणी जपून वापरणे, कचरा वेगळा करणे, लागेल तेवढेच शिजवणे अशी अगदी घरगुती कामे नमूद केली आहेत. आमच्या वर्गाने त्या यादीला फ्रीजचा ट्रे जोडला आहे. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तरही आता देता येते: डास देवाचा, पण टायर आपला.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर मुले वाळूच्या बादल्या घेऊन दफनभूमीच्या फाटकापाशी उभी राहतील. या वेळी ती कोणत्याही कबरीला आपणहून हात लावणार नाहीत. ज्यांना आपल्या फुलदाणीत वाळू भरून हवी असेल, त्यांनी स्वतः यावे आणि मुलांना बरोबर न्यावे. मावशींनी पहिली बादली आपल्यासाठी राखून ठेवायला सांगितली आहे.