मातीचा हत्ती उड्या का मारतो?

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी आणि भाचा टॅबलेटवरच्या स्टॉप मोशन अ‍ॅपमध्ये क्लेच्या हत्तीची फिल्म करताहेत. पण चित्र लुकलुकतं आणि हत्ती चालण्याऐवजी उड्या मारतो. काय चुकतंय?
– एक पालक, नाशिक

उत्तर : लुकलुकणं उजेडामुळे होतं. ऊन उतरलं किंवा मुलांची सावली पडली, की कॅमेरा आपोआप एक्स्पोजर बदलतो. पडदे ओढा, टेबल लॅम्प लावा आणि फोकस व एक्स्पोजर लॉक करा. टॅबलेट स्टँडवर घट्ट बसवा. बटण दाबतानाही तो हलतो, म्हणून टायमर वापरा.

उड्यांचं कारण म्हणजे दोन फोटोंमधलं मोठं अंतर. ‘ओनियन स्किन’ सुरू केलं की आधीची फ्रेम पुसट दिसते. हत्ती तिच्यापासून जेमतेम अर्धा सेंटिमीटर सरकवा. सेकंदाला १० फ्रेम पुरेत, म्हणजे १० सेकंदांना १०० फोटो. पहिली फिल्म एवढीच ठेवा, नाहीतर मुलं कंटाळतात. एकाने हत्ती हलवावा, दुसऱ्याने फोटो काढावा, मग अदलाबदल. हात बाजूला घेतल्यावर ‘काढ!’ म्हणायची सवय लावा. तरी बोट आलंच, तर तेवढी फ्रेम डिलीट करून पुन्हा काढता येते.